कोरी बाजू

दिवा राहू दे तसाच. मोठा करू नका, मालवू पण नका. आणि आधीच सांगून ठेवतो, उलटे पाय, चिंचेवरची बाई असलं काही या गोष्टीत मिळणार नाही. ज्याला तसलं हवं असेल त्याने आत्ताच उठून झोपायला जावं. ही माझ्याबरोबर चोवीस वर्षं एका खोलीत काम केलेल्या माणसाची गोष्ट आहे. तारीख सांगतो. गेल्या वर्षीची सत्तावीस नोव्हेंबर, गुरुवार. मध्ये कुणी मोबाईल काढला तर मी तिथेच थांबेन, मग कितीही गयावया करा.

रेडिओच्या संग्रहात आम्ही दोघं जुन्या तबकड्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचो. तबकडी जुनी म्हणजे खरखर आलीच. ती खरखर काढण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं खरखरे. खरं नाव ओळखपत्रावर तेवढं उरलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच एका खोलीत सगळी यंत्रं मांडली आणि तेच काम सुरू ठेवलं. दुसरं काही येतच नव्हतं त्यांना. चहासुद्धा धड नाही.

वहिनी, म्हणजे खरखऱ्यांच्या पत्नी, पियानो शिकवायच्या. तीस वर्षं शिकवला. आणि त्यांचं एक दैवत होतं, जुन्या काळातली एक पियानो वाजवणारी बाई. जाऊन साठ-सत्तर वर्षं झाली असतील तिला. वहिनी तिला 'थोरल्या बाई' म्हणायच्या, घरातली कुणी मोठी जाऊ असावी तसं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण एकदा त्यांनी मला समोर बसवून थोरल्या बाईंची तबकडी ऐकवली. म्हणाल्या, "भाऊजी, नीट ऐका. डावा हात वेळेवर येतो. उजवा मुद्दाम मागून येतो. वाट बघायला लावते ती." आणि खरंच होतं ते. संथ गत होती. प्रत्येक सूर आता येतो, आता येतो म्हणेपर्यंत येत नसे, आणि आला की मी खुर्चीत पुढे सरकलेला असायचो. सुरांच्या मधे थोरल्या बाईंचा श्वास ऐकू यायचा. नाकाने खोल घेतलेला, म्हाताऱ्या माणसाचा.

त्या गतीचा अर्धाच भाग तबकडीवर होता. उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड करायचा होता म्हणे, पण थोरल्या बाई दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. त्यामुळे तबकडीची मागची बाजू कोरी. एकही रेघ नाही, काचेसारखी गुळगुळीत.

मग या नवरा-बायकोने एक रीत पाडली होती. जेवणं झाली की खरखरे तबकडी लावायचे. वहिनी पियानोपाशी बसून ऐकायच्या. साडेचार मिनिटांनी बाजू संपली की क्षणाचीही फट न ठेवता वहिनी पुढचा अर्धा भाग स्वतः वाजवायच्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून हे चाललं होतं. भांडण झालेलं असलं तरी चुकायचं नाही. भांडण झालं की वहिनी जरा जोरात वाजवायच्या, एवढाच फरक.

आता खरखऱ्यांची चूक ऐका. आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकेल अशी चूक. वहिनींच्या साठीला त्यांनी ती तबकडी कॉम्प्युटरवर घेतली आणि तीन महिने खपून साफ केली. अशी लख्ख केली की जणू काल वाजवलेली. वहिनींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "छान आहे. पण तुम्ही बाईंचा श्वास पुसलात."

खरखरच म्हणून पुसला होता त्यांनी. एकोणीस जागा शोधून, हाताने. आणि कॉम्प्युटरवरची मूळची प्रत त्याच नावावर साफ केलेली चढवून घालवली होती. आमच्यात हे पाप समजतात.

गेल्या ऑगस्टमध्ये वहिनींना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अडीच महिने हॉस्पिटलमध्ये काढल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, इथे करण्यासारखं काही उरलं नाही. घरी आणलं. वहिनी छताकडे बघत पडून असायच्या. नवऱ्याकडेही बघेनात. खरखऱ्यांनी ती साफ केलेली प्रत लावून पाहिली, तर त्यांनी हळूच मान भिंतीकडे वळवली. मग खरी तबकडी लावली. श्वासासकट. आणि डाव्या हाताची करंगळी चादरीवर हलली.

हा माणूस त्या करंगळीवर जगायला लागला. तिने राहावं, आणि एकदा आपल्याला हाक मारावी. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं. मला फोन करून रोज तेच सांगायचे. मी हो, हो म्हणायचो.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी खरखरे सुई आणायला बाहेर पडले. तबकडीवर चालते ती सुई. लाखेची जुनी तबकडी दर वेळी थोडी झिजते, म्हणून नव्या सुईने तिची एक चांगली प्रत घ्यायची, या वेळी श्वास राखून, म्हणजे वहिनींना हवी तेवढी ऐकवता येईल, असा बेत होता. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक दुरुस्तीवाला असल्या वस्तू ठेवतो.

"अजून कोण ऐकतं हो तबकड्या?" त्याने विचारलं.

"आहे घरी एक जण."

"काकू कशा आहेत?"

"आहे," खरखरे म्हणाले, आणि सुई खिशात घालून निघाले.

नऊ वाजता दिवसाच्या सिस्टर घरी गेल्या. बारा-वीसला रस्ता शांत झाल्यावर खरखऱ्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावर तबकडी मांडली. सुईपासून एक वायर कॉम्प्युटरला, एक स्पीकरला. घरात मायक्रोफोन नव्हता, हे लक्षात ठेवा. कॉम्प्युटरला कान नव्हते, फक्त ती वायर होती. त्यांनी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि सुई टेकवली.

सूर आले. डावा हात, मग उजवा. चादरीवर करंगळी हलली. आज तर चारही बोटं हलली. खरखरे वाकून बघत होते, तेव्हा त्यांना कळलं की वहिनींचा श्वास आणि थोरल्या बाईंचा श्वास एकाच वेळी चालले आहेत. स्पीकरमधून आत, तेव्हा पलंगावरही आत. तिथे बाहेर, तेव्हा इथेही बाहेर. त्यांना बरंच वाटलं. ती किती मन लावून ऐकते आहे, असं वाटलं.

बाजू संपली. त्यांनी सुई उचलली.

वहिनींचा श्वास थांबला.

आधी लक्षात आलं नाही. मग आलं. त्यांनी नाकाशी बोट धरलं. काही नाही. हाक मारली, खांदा हलवला. ओठ निळे पडायला लागले. काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पुन्हा सुई टेकवली. थोरल्या बाईंनी श्वास घेतला... आणि वहिनींनी घेतला.

बाजू संपली. थांबला. सुई टेकवली. सुरू झाला.

तिसऱ्या खेपेला ते शहाणे झाले. आत्ताच घेतलेली प्रत कॉम्प्युटरवर लावून दिली, म्हणजे ती आपोआप पुन्हा पुन्हा वाजत राहील. सूर वाजू लागले. पण मधल्या जागा रिकाम्या. श्वास त्या प्रतीत उतरलाच नव्हता. पडद्यावर त्या एकोणीस जागी आवाजाची सपाट रेघ. कानांनी ऐकलेला श्वास वायरमधून गेलाच नव्हता. आणि पलंगावर... काही नाही. ते धडपडत तबकडीकडे वळले.

सुई फिरत असताना डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर झोपेतच म्हणाले, "काका, गाडी पाठवतो. पण तिथे नेऊन नळ्याच घालतील. आपलं ठरलं होतं ना?"

ठरलं होतं. नळ्या नकोत, या कागदावर सही खरखऱ्यांचीच होती. ते म्हणाले, "नको." मग मुलीला लावला. ती पाच तासांच्या अंतरावर.

"बाबा, काय झालं?"

"तू निघ. तबकडी लावायला कुणीतरी हवं."

"तबकडी? बाबा, आई कशी आहे?"

"चालू आहे तोवर आहे."

फोनमधून तिलाही ऐकू येत असणार. मग रडत म्हणाली, "बंद करा ना ते. जाऊ द्या तिला."

"तू ये आधी," ते म्हणाले. बाजू संपत आली होती.

दोन वाजले. अडीच. साडेचार मिनिटं, मग सुई. पाण्याला जाणं नाही. डुलकी लागेल म्हणून बसणं नाही. उभेच. एकदा सुई घसरली, तर ती चार सेकंदं मला सांगताना सहा महिन्यांनीसुद्धा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आणि तबकडी झिजत होती. इतकी झिजायला नको होती, चोवीस वर्षं आम्ही तबकड्या हाताळल्यात. पण दर खेपेला सूर पुसट होत गेले. आधी वरचे गेले. मग उजवा हातच गेला. मग डावा. साडेतीनला फक्त खरखर उरली, आणि त्या खरखरीत, खूप लांबून... श्वास. आयुष्यभर जी खरखर काढली, तिच्यात कान खुपसून हा माणूस आता श्वास शोधत होता.

तीन-पन्नासला तोही गेला.

वहिनी थांबल्या.

सुई टेकवली. खरखर. पुन्हा टेकवली. खरखर. "अगं," ते म्हणाले. "अगं, नको ना." तोंड निळं. बोटं ताठ. त्यांनी तबकडी उचलली... उलटी केली... आणि कोऱ्या बाजूवर सुई ठेवली.

गुळगुळीत बाजू. तिथे काय असणार?

सुई घसरली नाही.

सूर आला. डावा हात. मग... उशिरा... उजवा. पुढचा अर्धा भाग. कधीच रेकॉर्ड न झालेला. आणि श्वास. स्पष्ट, जवळचा. पलंगावर वहिनींची छाती वर आली.

पहिल्या काही सुरांतच त्यांनी ओळखलं. हे वाजवणं थोरल्या बाईंचं नव्हतं. चौथ्या ओळीत करंगळी जरा कमी पडायची, तिथे वहिनी एक सूर हलकेच गाळून पुढे जायच्या. चाळीस वर्षं गाळत आल्या होत्या. तो सूर गाळला गेला. त्यांनी वळून पाहिलं. चादरीवर डावा हात चालत होता. आणि उजवा... ऑगस्टपासून लाकडासारखा पडलेला उजवा हात... मागून येत होता.

त्यांना आनंद झाला असेल, असं तुम्हाला वाटेल. झाला. दोन ओळी झाला. मग ध्यानात आलं की हा भाग संपतो. पहिल्या अर्ध्याचं तसं नव्हतं, तो अर्धवटच होता, पुन्हा लावता येत होता. हा गतीचा शेवट होता. सुई मधेच उचलावी, तर श्वास थांबणार. न उचलावी, तर शेवट येणार. हात सुईवर नेला. मागे घेतला. पुन्हा नेला.

पलंगापाशी गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "हळू वाजव."

...सूर हळू झाले.

"अजून हळू. अगं, जरा हळू..."

अजून हळू झाले. एका सुरापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला इतका वेळ, की दर वेळी वाटावं, झालं. आणि मग उजवा हात यायचा. ती त्यांना वाट बघायला लावत होती. ते बघत होते. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नाही.

मग डावा हात आला.

उजवा आला नाही.

मुलगी सव्वासहाला पोचली. खरखरे जमिनीवर बसले होते. सुई उचलून जागेवर ठेवलेली. ती कधी उचलली ते त्यांना आठवत नाही. डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि वेळ लिहिली, अंदाजे चार-दहा. तबकडीची मागची बाजू मी स्वतः उजेडात धरून बघितली आहे. गुळगुळीत. एक चरा नाही.

पण कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग रात्रभर चालूच राहिलं होतं. आठवड्याने मुलीने मला बोलावलं. बाबांना ऐकवायचं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून आधी मी ऐकावं म्हणाली. आम्ही दोघांनी दार लावून घेतलं. कोऱ्या बाजूपाशी संगीत नाहीच. नुसती सुईची घासघास. चार-बाराला सुई उचलल्याचा ठक्क आवाज. त्यानंतर सपाट रेघ, कारण सुईच वर, तर वायरमधून येणार काय? मिनिटामागून मिनिट सपाट. मी बंद करायला हात पुढे केला, तर मुलीने तो धरला. म्हणाली, "थांबा काका."

चार वाजून तेवीस मिनिटांनी रेघ हलली. वहिनींचा आवाज. झटक्याआधीचा, नेहमीचा, दिवसभराचं काम आटोपून बोलावं तसा.

"अहो... झोपा आता."