तात्यांच्या अँटेनावर कावळा का बसेना?

“बद्री, वर बघ! सगळ्या गल्लीतल्या अँटेनांवर कावळे बसलेत. मग तात्यांच्याच अँटेनावर एकही कसा नाही?” जमिलाने विचारले.

“कावळे कसले बघतेस? तात्या काय बोलले, विसरलीस का?” बद्रीनाथ करवादला.

विसरेल कशी! तिच्या अब्बांनी, गयास मेकॅनिकनी, परवाच तात्यासाहेबांचा टीव्ही दुरुस्त करून दिला होता. कालपासून पडद्यावर नुसत्या मुंग्या! अब्बांनी टीव्ही पुन्हा उघडून तपासला, तर आत काहीच दोष नाही. “अँटेनाची दिशा जशीच्या तशी आहे,” असं तात्या ठासून सांगत होते. वर गल्लीभर बोंब, “गयासनं चांगले पार्ट काढून घेतले!” अब्बांसारख्या माणसाला चोर म्हणायचं? जमिलाच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

तात्यांच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या, म्हणून कुणालाच वर जायची परवानगी नव्हती. पण बद्री म्हणजे एक नंबरचा इब्लिस!

“तात्या, आम्ही वर जाऊन कावळे हाकलू का?”

“हाकला की! पण एक कुरडई मोडली तर तंगडं मोडीन!”

जमिला, बद्री आणि जमिलाचा धाकटा भाऊ कय्युम धडाधड जिना चढले.

“या अल्ला! याच्या काड्या उभ्या आहेत! बाकी सगळ्यांच्या आडव्या!” जमिला ओरडली.

“पण तोंड तर टीव्हीच्या टॉवरकडंच हाय की,” कय्युम म्हणाला.

“तोंड असू दे रे!” जमिला म्हणाली. “टॉवरवरून येणारी लहर आडवी डोलत येते. ती आडव्या काडीलाच नीट सापडते. उभ्या काडीला काय मिळणार? मुंग्या!”

बद्री पाना आणायला धावलाच. “थांब!” जमिला म्हणाली. “आता गुपचूप फिरवला, तर अब्बांवरचा डाग तसाच राहील.”

संध्याकाळी रविवारच्या सिनेमासाठी गल्ली जमली. अब्बा मागे मान खाली घालून उभे होते. जमिला गोड आवाजात म्हणाली, “तात्या, कावळ्यांची काय झकास खोड मोडलीत हो!”

तात्या फुलले. “मग! कुरडयांवर घाण करत व्हते. काल नट सैल केला, काड्या उभ्या केल्या. बसा म्हणलं आता!”

“कय्युम, फिरव!” जमिलाने गच्चीवर पाना घेऊन बसलेल्या भावाला हाक दिली.

वर पाना करकरला. मुंग्या पळाल्या आणि पडद्यावर नायिका स्वच्छ हसली! गल्लीने एकच गलका केला.

तात्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण माणूस दिलाचा मोठा! सगळ्यांदेखत ते अब्बांपुढे गेले. “गयासमियाँ, गाढवपणा मी केला अन् नाव तुमचं घेतलं. माफ करा. आणि ही पोरं लई हुशार हायेत, बरं का!”

अब्बांनी त्यांचे हात हातात घेतले. मग जमिलाला जवळ ओढून ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “लेक आहे माझी!”