ओव्हिलासाठी वाट नाही

बर्फ काढणं हा माझा धंदा. ट्रॅक्टरच्या मागे बर्फ उडवणारा ब्लोअर जोडायचा आणि लोकांच्या दारापासून रस्त्यापर्यंतच्या वाटा मोकळ्या करायच्या. तळ्याकाठी सगळे मला ओळखतात, मार्जोलेन म्हणजे तोंडाची फटकळ, हेही ओळखतात. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही त्यांना मी फार किंमत देत नाही.

काही वर्षांपूर्वीची, जानेवारीतली दुपार होती. वादळ असं की आभाळ, तळं, रस्ता, सगळं पांढरं एकच झालेलं. लोक उगाच अंधाराला घाबरतात. अंधारात निदान दिवा लावता येतो. त्या पांढऱ्यात दिवा लावला की आणखीच पांढरं दिसतं.

शहरातल्या रुग्णवाहिकेवरच्या इव्होंचा फोन आला. क्लेमांसबाईंच्या छातीत कळा येत होत्या आणि तो त्यांच्या वाटेच्या तोंडाशी अडकून पडला होता. घर लांब आत, बर्फ मांडीपर्यंत, स्ट्रेचर न्यायचं कसं? लवकर ये म्हणाला.

आता या क्लेमांसबाईंची गंमत ऐक. गावात सगळ्यांच्या वाटेच्या कडेनं मी पानगळीतच काठ्या रोवते, म्हणजे बर्फाखाली वाट कुठे आहे ते कळतं. बाई मला काठ्या रोवू द्यायच्या नाहीत. पहिला बर्फ पडला की वाट बंद, ती थेट वसंतापर्यंत. किराणा स्वतः घसरगाडीवर ओढत न्यायच्या. त्यांचा नवरा ओव्हिला मार्चमध्ये तळ्यावरच्या कच्च्या बर्फावर स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरची फटफटी, घेऊन गेला आणि बुडाला. प्रेत सापडलंच नाही. लोक म्हणायचे, बाई शोकानं खुळावल्या. शोक कसला डोंबलाचा! त्या माणसानं त्यांना जे दिवस दाखवले होते ते साऱ्या गावानं पाहिलेत, आणि तोंडं मिटून पाहिलेत. मी त्यात होतेच.

आमची कामाची रीत अशी, की आधी ट्रॅक्टरनं बर्फ तुडवत थेट दारापाशी जायचं, तिथे ब्लोअर टेकवायचा आणि रस्त्याकडे येत येत वाट काढायची. तोंडाशी गावाच्या गाडीनं रस्ता साफ करताना लोटलेला बर्फाचा बांध असतो. तो सगळ्यात शेवटी फुटतो.

मी दारापाशी पोचले तर बाई उंबऱ्यातच भिंतीला टेकून बसलेल्या. ओठ निळे पडलेले. माझ्या केबिनमध्ये घालून नेते म्हटलं, तर त्यांना उभंही राहवेना आणि मला त्या उचलेनात.

"वाट काढू नकोस, पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "तो तोंडाशी उभा असतो... वाट फुटायची वाट बघत."

"कोण?"

त्यांनी बोटानं तळ्याकडे दाखवलं. डोकंच फिरलं माझं. मेल्यावरसुद्धा या बाईला घरात कोंडून ठेवतोस काय, मेल्या?

"उभा राहू दे," मी म्हटलं. "वाट मी काढतेय ना? मग तिच्यावरून कोण जाणार ते मी ठरवीन."

ब्लोअर टेकवला. बर्फाचा फवारा एका अंगाला उडू लागला, काळी वाट मागे उलगडत चालली. दोन्ही कडेच्या भूर्ज झाडांचा अंदाज धरून मी पुढे येत होते. बांध दिसू लागला, त्यापलीकडे रुग्णवाहिकेचा लाल दिवा. आणि बांधावर माणूस. स्नोमोबाईलवरचा जाड पोशाख, डोकं उघडं, केसांतून पाणी निथळत होतं. त्या थंडीत थुंकी खाली पडेपर्यंत गोठते, आणि ते पाणी गळत होतं...

मी हॉर्न वाजवला नाही. माणसासाठी वाजवतात हॉर्न. सरळ अंगावर घातला ट्रॅक्टर. चाकं वर चढली, उतरली, कशाला लागली नाहीत. मागे ब्लोअरनं बांध फोडला. केबिनची काच आतून धुकटली आणि तळ्याच्या गाळाचा, सडक्या माशाचा वास नाकात शिरला.

रुग्णवाहिका आत गेली. तिच्यामागे मी ट्रॅक्टर वाटेच्या तोंडाशी आडवा लावला आणि बसून राहिले. मनात म्हणत होते, ये की, बघते तुला.

बाईंना घेऊन गाडी परतली तेव्हा मी वाट दिली. इव्होंनं माझ्याशेजारी गाडी थांबवून काच खाली केली.

"तुझ्या बाजूला बसलेत त्या काकांना ब्लँकेट देऊ का? चिंब भिजलेत गं ते..."

मी मान वळवली नाही.

"नको," म्हटलं. "त्याला सवय आहे."

बाई वाचल्या. आता त्यांची वाट अख्खा हिवाळा मोकळी असते, काठ्यासुद्धा रोवू देतात. दारात उभ्या राहून मला कॉफीला बोलावतात. तो कुठे गेला असं एकदा विचारलं त्यांनी. तळ्यात गेला, म्हणून सांगितलं.

कुठे जातोय! शेजारच्या फळीवर बसलेला असतो. मी बघत नाही, पण खाली पाणी साचतं ते मलाच पुसावं लागतं. बाईंच्या वाटेला वळलं की त्याच्या बाजूच्या दाराची मूठ आतून हळूहळू खाली जाते. ते दार मी केव्हाच वेल्डिंगनं बंद करून टाकलंय. बस गप, म्हटलं की मूठ वर येते.

परवाही तसंच झालं. बस गप म्हटलं, मूठ वर आली. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तो हसला. अगदी माझ्या कानाशी.

मी ब्लोअर टेकवला आणि वाट काढायला घेतली.