काटे उपटलेले निवडुंग

“मेला बघ आणखी एक!” ऋतुराजनं स्वतःच्याच गालावर फाडकन चापट मारली. “भर दुपारी डास! ह्यांना सुट्टी-बिट्टी काय नसती व्हय?”

“डेंग्यूचे डास दिवसाच चावतात,” मोना जांभई देत म्हणाली. “शाळेत शिकवलंय. तू झोपला असशील तेव्हा.”

“आणि तू आत्ता झोपतीयास!”

त्यांची मैत्रीण अंतरा मात्र कामात होती. ती तानामावशींच्या गोठ्यातल्या हौदावर वाकून पाण्यात डोळे लावून बसली होती. खरं सांगायचं तर तिला तिथंच कडब्यावर आडवं व्हावंसं वाटत होतं. कसली मे महिन्याची सुट्टी न् काय! आजऱ्याला मामाकडे जायचं ठरलं होतं, ते बारगळलं. धाकटा वरद डेंग्यूनं दवाखान्यात, आई त्याच्या उशाशी, आणि घरी भात लावायचा, डबा भरायचा, पोचवायचा, सगळं अंतरावर येऊन पडलेलं. पाय नुसते ओढत चालायची पोरगी.

एकटा वरदच नव्हे, गल्लीत घरटी कुणीतरी तापानं फणफणलं होतं. आणि सगळ्या गल्लीचं बोट तानामावशींकडे! गोठा त्यांचा, शेण त्यांचं, पाण्याचा हौद त्यांचा, मग डास दुसऱ्या कुणाचे असणार? मावशी रोज संध्याकाळी म्हशी घेऊन कट्ट्यावर जायच्या. तिथं डोळ्यांसमोर धार काढून दिलेलं फेसाळ दूध प्यायला ह्याच गल्लीतले लोक रांग लावायचे. ते सगळं लोक आता विसरले होते. सगळ्यात मोठा आवाज होता शेजारच्या लग्नाच्या लॉनचे मालक विजयसिंह काकांचा. रविवारी सकाळी लॉनवर बैठक घ्यायची आणि गोठा हलवायचा, असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. मावशींना दुसरी जागा नव्हती. म्हणजे म्हशी विकणंच आलं.

“दिसलं काय?” चंद्री म्हशीच्या पाठीवर हात फिरवत मावशींनी विचारलं.

“मासेच मासे आहेत, मावशी! अळी औषधालाही नाही.”

“अगं, आरोग्य केंद्रातल्या ताईनं सोडल्यात ते गप्पी मासं. अळ्या खात्यात. मी वरडून सांगतिया, पण ऐकतंय कोण?” त्या खाली टेकल्या. “जाऊ दे पोरांनू. दमले मी. वडगावच्या बाजारात नेते झालं ह्यांना.”

चंद्रीनं मान वळवून मावशींचा हात चाटला. अंतरा उठून उभी राहिली.

“डास इथले नाहीत, तर मग कुठले? आपल्याला सगळ्यात जास्त कुठं चावतात?”

“लॉनच्या भिंतीपाशी,” ऋतुराज पटकन म्हणाला. “चेंडू आणायला गेलं की फोडूनच काढतात!”

“पण तिथं तर सगळं खोटं आहे,” मोना अंतराला म्हणाली. “तुझ्या पप्पांचे कॅक्टस. डास काय प्लॅस्टिकवर जगतात?”

अंतराचे पप्पा कागलच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये फायबरचे निवडुंग बनवायचे. साच्यातून पोकळ निवडुंग काढायचा, हिरवा रंग द्यायचा, बारीक भोकं पाडून त्यांत नायलॉनचे काटे डिंकानं बसवायचे. हॉटेलं, बागा, रस्त्यांचे चौक, सगळीकडे ते जायचे. लॉनवरच्या निवडुंगांना काटे बसवायला तर दिवाळीच्या सुट्टीत अंतरा आणि वरदही बसले होते. वरदनं एका काट्याला नावसुद्धा ठेवलं होतं!

लॉनवर पिराजीमामा, तिथले माळी, पाइपनं जोरात पाणी मारत होते. माणसापेक्षा उंच निवडुंग दगडांच्या मधोमध सिमेंटमध्ये रोवलेले. अंतरा बघतच राहिली.

“मामा, काटे कुठं गेले?”

“उपटलं की पकडीनं! एका पावणीचा शालू फाटला. मालक म्हणालं, काढ सगळं. कमरंच्या वरचं काढलं. खालचं दगडाआड हायत, ते ऱ्हायलं.”

“आणि पाणी कशाला घालताय? मोठे व्हायला?” ऋतुराज खिदळला.

“धूळ बसती रं! मालकांना रोज हिरवंगार दिसाय पायजे. मला काय हौस हाय ह्या उन्हात?” पिराजीमामांनी कपाळ पुसलं आणि पाइप गुंडाळून ते सावलीत गेले.

अंतरानं निवडुंगाच्या डोक्यावर टकटक केलं. पोकळ आवाज आला, लहानपणापासून ओळखीचा. मग ती खाली वाकली आणि दगडाशेजारी टकटक केलं. थप्प! भरल्या घागरीचा आवाज! तिनं गवताची लांब काडी उपटून कमरेइतक्या उंचीच्या एका भोकात घातली. काडी ओली होऊन बाहेर आली, आणि तिच्यामागून तीन-चार डास भुर्रकन उडाले.

मोनानं मोबाइलचा टॉर्च भोकाशी धरला आणि किंचाळली. “ईऽऽ! अळ्या! नुसत्या वळवळतायत!”

“सापडलं! सापडलं!” ऋतुराज नाचायला लागला. अंतरा मात्र मटकन दगडावर बसली. हे निवडुंग तिच्या पप्पांचे होते.

संध्याकाळी ती डबा घेऊन दवाखान्यात गेली तेव्हा पप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते. फायबरच्या कुसांनी हात लाल झालेले, डोळे मिटलेले. त्यांना उठवावंसंच वाटेना. पण तिनं सांगितलं, सगळं सांगितलं.

पप्पा खूप वेळ हात खाजवत राहिले.

“तळाला एक भोक ठेवतो आपण, पाणी निघून जायला. ह्या खेपेला लगीनसराई आली, विजयसिंहांचे सारखे फोन... राहून गेलं.” त्यांनी आत, वरदच्या खोलीकडे पाहिलं. “माझ्याच हातचं आहे म्हणजे हे.”

“पप्पा...”

“तू बोलू नकोस कुठं. मी गुपचूप जाऊन भोकं पाडून येतो. संपला विषय.”

“आणि तानामावशींच्या म्हशी?”

पप्पांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. अंतरा रिकामा डबा घेऊन घरी निघाली. रडावंसं वाटत होतं, पण रडायचंसुद्धा त्राण नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, लॉनवर सगळी गल्ली जमली. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत विजयसिंह काका उभे होते. तानामावशी एका कडेला, हातात चंद्रीचा कासरा.

“काका,” अंतरा पुढं झाली, “डास तुमच्या निवडुंगांतून येतात.”

“पोरी, ते प्लॅस्टिक हाय!” काका हसले. लोकही हसले. “घरी जा. तुझ्या भावाचा डबा भर.”

हे असंच होणार, हे तिघांना आधीच ठाऊक होतं. मोनानं ऋतुराजला कोपरखळी मारली. तो निवडुंगापाशी जाऊन अगदी साळसूदपणे म्हणाला, “काका, राहू दे ते. पण दगडाआडून हा काटा बाहेर आलाय बघा. परवाच्या लग्नात पुन्हा कुणाचा तरी शालू फाटायचा!”

“कुठं? पिराजी, पकड आण! एक काम धड करत नाहीस!” काका तावातावानं वाकले, काट्याला पकड लावली आणि हिसडा दिला.

सुर्रर्र! हिरवट, कुबट पाण्याची धार थेट काकांच्या पांढऱ्या शर्टावर! आणि शर्टावर वळवळणाऱ्या अळ्या!

“आयला! हे काय?” काका थुई थुई नाचले. गल्ली आधी दचकली आणि मग खो खो हसत सुटली.

काकांचा चेहरा लालेलाल झाला. “हा माल कुणी केला? बोलवा त्याला!”

“मी केला.” गर्दीमागून आवाज आला. पप्पा! दाढी वाढलेली, हातात ड्रिल. “पाण्याला वाट ठेवायची माझी राहिली. काटे उपटून पाणी तुम्ही भरलंत. माझा पोरगा दवाखान्यात आहे, विजयसिंह. ह्यात तानामावशींचा काडीचा दोष नाही.”

पप्पा गुडघ्यावर बसले आणि एकेका निवडुंगाला तळाशी भोक पाडू लागले. घाण पाणी गवतावरून वाहत गेलं. ओलेचिंब काकांनी शर्टावरच्या अळ्या झटकल्या. मग तानामावशींसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. “चुकलं, मावशी. म्हशी कुठं न्यायच्या नाहीत.”

मावशींनी नुसती मान हलवली. कासरा मात्र हातातून गळून पडला होता.

वरदच्या रक्तातल्या पेशी वाढायला लागल्याचा निरोप त्याच दुपारी आला. संध्याकाळी कट्ट्यावर सगळी गल्ली लोटली. मावशींनी पहिला पेला पप्पांच्या हातात दिला आणि पप्पांच्या मिशीला फेस लागला. काका पोरांचं कौतुक करायला उभे राहिले आणि त्यांना काही थांबता येईना.

“...तर ह्या शूर पोरीसाठी, अंतरासाठी, जोरदार टाळ्या! कुठं हाय अंतरा?”

अंतरा कडब्याच्या पेंढीला टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपली होती. दुधाचा पेला शेजारी तसाच होता.

“टाळ्या वाजवू नगासा,” तानामावशी दबक्या आवाजात म्हणाल्या आणि आपला पदर तिच्या अंगावर घातला. “दमलीया लेकरू. झोपू द्या.”

आणि एवढी मोठी गल्ली, कोल्हापूरची गल्ली, चक्क गप्प बसली.