आधी जाऊन बघायचं

आमच्या साप्ताहिकाला येत्या शनिवारी पन्नास वर्षं होतात. चार पानं, आठशे प्रती, आणि खात्री न करता छापलेली एकही ओळ नाही. संपादक म्हणून मी ही फुशारकी मारत नाही. श्रेय माझ्या आत्याचं. तिने हे पत्र एका बंद पडलेल्या बेकरीत सुरू केलं. अजूनही छपाईच्या खोलीच्या भिंती तापल्या की शाईच्या वासात भाजलेल्या पिठाचा वास मिसळतो आणि अवेळी भूक लागते.

आत्या संपादक, माझे बाबा एकमेव बातमीदार, आणि शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारे खिळेकाका. काका आठवड्यात चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन चहाबद्दल. पण त्यांचे हात बघत राहावेत असे! डोळे मिटूनसुद्धा ते हवं तेच अक्षर उचलायचे.

आमच्याकडे एक रीत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्या छापखान्यात ऐकलेली नाही. तपासणीसाठी काढलेलं प्रूफ मूळ मजकुराशी जुळलं नाही, तर आम्ही ते लगेच दुरुस्त करत नाही. आधी जाऊन बघायचं.

याला कारण शाळेचं छप्पर. ते कोसळलं तेव्हा बाबांनी लिहून दिलं होतं, 'वर्गातली सतरा मुले सुखरूप बाहेर.' प्रुफात आलं, 'सोळा'.

"वाचलं सतराच," काका म्हणाले, "हातात सोळा आलं."

दुसरं कुणी असतं तर काकांवर डाफरलं असतं. आत्या बाबांना म्हणाली, "जा रे, पुन्हा मोजून ये."

सतरावी मुलगी सामानाच्या खोलीत तुळईखाली सापडली, जिवंत. आज ती गावातली दातांची डॉक्टर आहे. माझ्या तीन दाढा तिने उपटल्या, तरी तिच्यावर माझा जीव आहे.

पुढे असं नऊ वेळा झालं. नऊही वेळा प्रूफ खरं निघालं. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. नोंदी ठेवणारी आहे, आणि नोंदी तशा आहेत.

मग पूर आला. बाबा नदीपलीकडच्या वस्तीची बातमी आणायला गेले, ते परतलेच नाहीत. देह सापडला नाही. आत्याने सख्ख्या भावाच्या निधनाची बातमी कधीच छापली नाही, कारण कुणी काही पाहिलं नव्हतं. आईने तेवढंच धरून ठेवलं. एकोणतीस वर्षं ती कुणाकडे एक रात्रसुद्धा मुक्कामाला गेली नाही.

काका गेले, आत्या गेली, खिळे वितळवायला गेले. आता मजकूर मीच संगणकावर टाइप करते. या अंकासाठी पत्राचा इतिहास लिहायला बसले आणि माझं घोडं पुरापाशी अडलं. शेवटी आईच म्हणाली, "लिहून टाक गं. तू छापलंस की मीही मानेन. थकले मी वाट बघून."

मला रडू आलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी लिहिलं, 'आमचे बातमीदार, माझे वडील, पुरातून परत आले नाहीत.'

आज दुपारी प्रूफ काढलं. कागदावर होतं, 'पुरातून परत आले.'

पडद्यावर 'नाहीत' होतं. पुन्हा काढलं. कागदावर नव्हतं. तिसऱ्यांदा, दुसऱ्या यंत्रावर. तरीही नव्हतं.

"ताई, पेनाने घालू का शब्द?" मशीनवाल्याने विचारलं.

"नको," मी म्हणाले, आणि प्रूफ घेऊन घरी निघाले. दुसरं कुठे जाऊन बघणार होते?

बाहेर कडक ऊन होतं. आईने दार उघडलं. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे.

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत बसलेत. फार दमलेत."

"कोण?"

"अंक आणलास का? मघापासून विचारतायत." माझ्या हातातलं प्रूफ घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

मी पुढे व्हायला हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना तेच तर सांगत आले.

पाय उचलला नाही.

आत कागद उलटल्याचा आवाज झाला. मग पेन्सिलीचा.

आई बाहेर आली. इतकी हसरी मी तिला लहानपणानंतर पाहिलीच नव्हती. तिने प्रूफ माझ्या हातात दिलं. 'परत'च्या आधी शब्द घालायची खूण होती. तिच्यावर बाबांचं उभट, घाईचं अक्षर होतं. जुन्या मजकुरांमध्ये ते मी शेकडो वेळा वाचलं आहे. दोनच शब्द होते.

'पत्नीला न्यायला'.

"दूध तेवढं फ्रिजमध्ये ठेव," आई चपलेत पाय घालत म्हणाली.