डॉलीच्या हाताशेजारी

ही घटना खरी आहे. जिच्या नवऱ्यावर ती गुदरली, त्या डॉलीला पुरून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. ऐकून कुणी हसलं तर त्या नवऱ्याची, वेंडेल क्रुपाची, हरकत नाही. तोही पूर्वी हसायचा.

मिशिगनमधलं फ्लिंट. एप्रिलमधला रविवार.

रात्र नव्हती... लख्ख दुपार होती.

गॅरेजमध्ये डॉलीची सत्तर सालची पॉन्टियाक उभी होती. गाडी तिची, इंजिनही तिनेच बांधलेलं. मे महिन्यात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायचं, तिथे ती दरवर्षी बॉनेट उघडून ऐटीत उभी राहायची. यंदा आपण उभं राहायचं, असं वेंडेलने ठरवलं होतं. त्यासाठी इंजिनची सगळी जागा धुऊन, नवा काळा रंग मारायचा होता.

एक जागा सोडून.

इंजिनमागच्या पत्र्यावर डॉलीच्या डाव्या हाताचा ग्रीसचा ठसा होता. पाची बोटं, वाकडी करंगळी. परीक्षक दर वर्षी त्यापायी गुण कापायचे. वेंडेल फडकं घेऊन गेला की ती म्हणायची, "हात तर लावून बघ. सही आहे ती माझी."

आता तिचं एवढंच उरलं होतं.

डॉलीचा भाऊ ड्युएन मॅकरोनीचं भांडं घेऊन आला. ठसा बघून त्याने तोंड वाकडं केलं.

"पुसून टाक की तो डाग."

"डाग तुझ्या शर्टावर आहे. हा तुझ्या बहिणीचा हात आहे."

"म्हाताऱ्या, पहिला नंबर जाईल."

"जाऊ दे. तू ती मॅकरोनी गरम कर जा."

ड्युएन पुटपुटत स्वयंपाकघरात गेला.

वेंडेलने बॅटरीची वायर सोडली. कार्बोरेटरवर पिशवी बांधली. मग ठशावर प्लॅस्टिक धरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. प्रत्येक कड नखाने दाबली.

ब्रशने घासून त्याने वर्षानुवर्षांचं तेल उतरवलं. पाणी मारलं. हवेने वाळवलं. मग काळा रंग मारला आणि हात पुसायला टेबलाकडे वळला.

पाठीमागे गाडीच्या स्प्रिंगा करकरल्या...

तो वळला. गाडीचं नाक खाली गेलं होतं. कुणीतरी मडगार्डवर भार देऊन इंजिनात वाकावं, तसं.

डॉली अशीच वाकायची.

"डॉली?"



रंगाचा उग्र वास येत होता, तो एकदम नाहीसा झाला... रस्त्यावरचा आवाजही.

वेंडेल घाबरला नाही. त्याला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

"बघ," तो म्हणाला, "झाकून ठेवलाय. धक्का लागू दिला नाही."

गाडीचं नाक हळूच वर आलं.

त्याने चिकटपट्टी सोडवली. एकही कड उचकटलेली नव्हती. प्लॅस्टिक काढलं.

डॉलीचा हात जिथल्या तिथे होता.

त्याच्या शेजारी दुसरा हात होता...

ताजा. ओला. वेंडेलच्या हाताहून दीडपट मोठा. त्याचा अंगठा डॉलीच्या करंगळीवर टेकला होता.

वेंडेलने ड्युएनला हाक मारली. ड्युएनने पाहिलं आणि तो तिथेच खुर्चीत बसला.

"तिने तुला सांगितलं नव्हतं?"

"काय?"

"काम करताना ती मागे हात करायची, आणि तू पाना द्यायचास."

"हो. मग?"

"तू कामावर असलास, तरी हातात पाना यायचा. म्हणून तिने एक दिवस तो ठसा उमटवला. म्हणाली, गाडी कुणाची आहे ते त्या पाना देणाऱ्याला कळू दे." ड्युएन उठला. "विकून टाक, वेंडेल. आजच."

"विकू? म्हणजे गाडीबरोबर डॉलीही त्याच्या हाती जाईल."

"ती मेलीय."

"माहीत आहे मला. मीच होतो तिथे."



वेंडेलने कापसावर थिनर घेतलं. डॉलीच्या करंगळीला न दुखावता त्याने तो मोठा हात पुसून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोठा हात परत आला होता. आता अंगठा नव्हता नुसता... दोन बोटं तिच्या हातावर चढली होती.

वेंडेलने पुन्हा पुसलं. मग डबा उघडला, आपला डावा तळहात ग्रीसने माखला आणि डॉलीच्या हाताला लागून, त्या पुसलेल्या जागेवर जोर लावून दाबला.

"आता आधी माझ्याशी गाठ आहे," तो म्हणाला.

प्रदर्शनात बॉनेट उघडं होतं. परीक्षकाने दोन ठशांचे गुण कापले. "हे काय आहे?" त्याने विचारलं.

"नवरा-बायको," वेंडेल म्हणाला.

मोठा हात पुन्हा उमटलेला नाही. पण वेंडेलचा ठसा पुसला जातो. डॉलीकडची बाजू शाबूत असते... पलीकडची रोज थोडी जाते. दर रविवारी दुपारी, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून, तो नवा ठसा उमटवतो.

गेल्या रविवारी हात टेकवला, तेव्हा पत्रा गरम होता. आठवडाभर इंजिन सुरू केलं नव्हतं. पत्र्यामागूनही काहीतरी दाबत होतं...

त्याने हात काढला नाही.