बंद बटणांची अक्षरं

"आत्या, ये ना लवकर! लॅपटॉपचं परत सुरू झालं!"

फौजदारकीतून निवृत्त झालेली आत्या चपलांसकटच भाचीच्या खोलीत शिरली. स्क्रीनवर चांगल्या वाक्याच्या पोटात 'कककगगग' घुसलं होतं. तासाभरात ऑनलाइन टायपिंगची परीक्षा होती. पास झाली तर परगावी नोकरी, नाहीतर पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हती.

"दुकानात दाखवलास?"

"दोनदा. तिथे अगदी शहाण्यासारखा वागतो."

"आणि घरी तू टाइप करायची थांबलीस की?"

"तोही थांबतो."

"भूत असेल तर भलतंच शिस्तीचं आहे," आत्या म्हणाली. लॅपटॉपच्या कडेला नखाएवढा तुकडा खोचलेला होता. "हे काय?"

"बिनवायरच्या माऊसचं. सेट होता, त्यातला कीबोर्ड माळ्यावर टाकलाय."

बाहेर सोफ्यावर भाचीचे बाबा बसले होते. गुडघ्यांवर शाल, समोर टीव्ही बंद. बातम्यांशिवाय या माणसाच्या घशाखाली चहा उतरत नसे! आत्याने रिमोट दाबून पाहिला. ढिम्म.

"बिघडलाय," बाबा म्हणाले.

आत्या परत आत आली. "लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड सेटिंगमधून बंद कर."

भाचीने केला. आत्याने त्या बंद बटणांवर खटाखट बोटं आपटली. खरंतर काहीच उमटायला नको होतं. पण 'कककगग' आलंच. भाची खुर्ची मागे सारून उठली.

आत्या तडक बाहेर गेली, मागोमाग भाचीही. "दादा, शाल काढ."

शालीखाली कीबोर्ड होता.

"सेटमधल्या माऊसला आणि कीबोर्डला तो एकच तुकडा चालतो," आत्या भाचीला म्हणाली. "दुकानात लॅपटॉप जायचा, हा कीबोर्ड घरीच राहायचा. म्हणून तिथे सगळं ठीक. मी बंद बटणं आपटली तरी अक्षरं आली, म्हणजे कुणीतरी आवाज ऐकून टाइप करत होतं. आणि याचे सेल कुठून आले? रिमोटमधून."

"ही गेली की मी एकटा..." बाबा म्हणाले.

भाचीला रडू फुटलं. "काल मी रडत होते, तेव्हा 'जाऊ दे गं, नोकरी म्हणजे सगळं नसतं' म्हणून डोक्यावरून हात फिरवलात ना बाबा? तेही याच हातांनी?"



तिने डोळे पुसले, आत जाऊन तो तुकडा उपटला, लॅपटॉपचा कीबोर्ड पुन्हा सुरू केला आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. थोड्या वेळाने बटणांचा आवाज येऊ लागला, भरभर, न अडखळता. बाबा कान देऊन ऐकत होते. आत्या शेजारी बसली होती, भावाचे दोन्ही हात धरून.