कोरड्या दिवशी ओलं वळण

"गेला! परत गेला!" टिमेक कुंपणावरून ओरडला आणि त्याच्या हातातल्या सूर्यफुलाच्या बिया लिल्काच्या केसांत सांडल्या.

राडेकमामाची पिवळी गाडी भोवऱ्यासारखी गरगरली आणि टायरांच्या ढिगात जाऊन बसली. फायनलआधीच्या सरावात सकाळीही याच वळणावर हेच झालं होतं.

"अरे, त्याला कुणीतरी ब्रेक दाखवा रे!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे प्रेक्षक खो खो हसले.

टिमेक आणि लिल्काच्या शेजारी उभ्या यागोदाचे कान लाल झाले. तिचा मामा लिपोवो गावासाठी दहा वर्षं स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची मोटरसायकलची शर्यत, खेळला होता. त्या मोटरसायकलींना ब्रेक नसतात आणि त्या फक्त डावीकडे वळतात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. मांडी मोडल्यावर मामा गाड्यांच्या शर्यतीत उतरला, तेव्हापासून हा विनोद त्याची पाठ सोडत नव्हता.

"फायनलमध्ये पुन्हा टायरांत गेलास, तर गाडी दुसऱ्याला देईन!" गाडीच्या मालकीण ग्राझिनाबाई कडाडल्या.

"वळण ओलं होतं, बाई," मामा हेल्मेट काढत म्हणाला.

"ओलं? पाऊस पडून महिना झाला! बघ जाऊन!"

सगळ्यांनी पाहिलं. डांबर ठणठणीत कोरडं होतं. मामा खाली मान घालून निघून गेला.

"मामा खोटं बोलत नाही," यागोदा म्हणाली. "बहाणाच करायचा असता, तर पाय दुखतो म्हणाला असता. चला!"

"कुठे? अजून माझं सॉसेज यायचंय!" टिमेक कुरकुरला, पण आलाच.

तिघं वळणापाशी गवतात पोटावर पडून राहिली. बाकीच्या गाड्या आतली कड धरून सुसाट गेल्या. कुंपणाला चिकटून बाहेरून जाण्याची खोड फक्त मामाला होती. स्पीडवेतली खोड!

मग पाण्याचा टँकर घरघरत आला. शर्यतीचा अर्धा रस्ता मातीचा होता. तिथे धूळ बसावी म्हणून तो पाणी मारायचा आणि डांबर लागलं की नळ बंद व्हायचा. पण या वळणावर उजवा नळ हळूच उघडला! बाहेरच्या कडेने पाण्याचा चांगला रुंद पट्टा उमटला. मघाचं पाणी उन्हात लगेच वाळलं होतं, म्हणून कुणाला दिसलं नव्हतं.

"सापडलं!" टिमेक कुजबुजला. "टँकरवाल्याला कुणीतरी लाच दिलीय. त्याला बांधून ठेवू या!"

"कशाने? तुझ्या बुटाच्या नाडीने?" लिल्का म्हणाली.

यागोदाने मान उंचावून पाहिलं. टँकर चालवत होते झेनेककाका. स्पीडवेचा ट्रॅक राखण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांच्या टँकरच्या काचेवर मामाचा फोटो चिकटवलेला असायचा. ते मामाचं वाईट करतील? शक्यच नाही!

टँकर शेडमागे थांबला तेव्हा तिघं तिथे हजर होती. काका थर्मासच्या झाकणात चहा ओतत होते.

"काका, वळणावर पाणी का मारता?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डोळा मारला. "कुणाला बोलू नका हं. राडेकला बाहेरची कड ओली लागते. दहा वर्षं मीच करून द्यायचो. चाक असं धरून ठेवायची! पाहुण्या टीमला शेवटपर्यंत पत्ता लागायचा नाही. आता फायनलसाठी तर दुप्पट पाणी मारलंय!"

"पण काका, तेव्हा माती होती! इथे डांबर आहे!"

"मला ट्रॅक शिकवतेस? तुझा जन्मही झाला नव्हता, तेव्हापासून पाणी मारतोय मी!"

टिमेक फणकारणार होता, पण यागोदाने त्याच्या पायावर पाय दिला. "बरोबर आहे तुमचं," ती साळसूदपणे म्हणाली. "मग लावता पैज? मी माझ्या सायकलवरून मामासारखं वळण घेते. आधी मातीवर, मग डांबरावर. पाणी तुम्हीच मारा."

स्पीडवेचं नाव निघालं आणि काका नाही म्हणतील? त्यांनी टँकरचा पाइप ओढून आणलाच!

ओल्या मातीवर यागोदाने डावा पाय बाहेर टाकला. मागचं चाक घसरलं, पण मातीने ते धरून ठेवलं. "शाब्बास! मामाची भाची!" काकांनी टाळ्या पिटल्या.

डांबरावर मात्र पुढचं चाकच निसटलं. यागोदा कोपर खरवडत थेट कुंपणापर्यंत गेली.

"आता ही सायकल नाही, मामाची गाडी आहे असं समजा," ती पडल्या पडल्याच म्हणाली.

काकांच्या हातातून पाइप गळून पडला. "म्हणजे दोन्ही वेळा... मीच त्याला पाडलं?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला, की यागोदाला त्यांचा राग यायचा तो आलाच नाही.

तेवढ्यात लाउडस्पीकर खणखणला. फायनलच्या गाड्या रांगेत!

"काका, रडायचं नंतर! स्पीडवेत पाऊस आला की काय करायचात?"

"भुसा!" काका एकदम ताठ झाले. "शेडमध्ये पोती आहेत! झाडूही घ्या, डांबरावर भुसा राहता कामा नये!"

पोती आणि पोरं घेऊन टँकर वळणाकडे पळाला. टिमेकने पोती फोडली, यागोदाने भुसा पसरला आणि पाणी पिऊन फुगलेला भुसा काका भराभर बाहेर लोटू लागले. झेंडा घेतलेला पंच धापा टाकत आला. "ए! कुणी परवानगी दिली?"

"तीच आणायला निघालेय! एवढा धरा जरा!" लिल्काने त्याच्या हातात झाडू कोंबला आणि धूम ठोकली. खाली ओलं डांबर पाहून पंचाचे डोळे विस्फारले आणि तोही झाडायला लागला!

लिल्का परवानगी घेऊन परतली, तोवर काम संपलं होतं.

गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत मामा चौथा होता. वळणावर पुढचे तिघे आतल्या कडेला एकमेकांना ढुशा देत बसले आणि मामा कुंपणाला घासून बाहेरून गेला. यागोदाने श्वास रोखला. चाकं घसरली नाहीत! दुसऱ्या फेरीत तो दुसरा आणि शेवटच्या फेरीत पहिला!

"ब्रेक दाखवा रे आता त्याला!" टिमेक प्रेक्षकांकडे वळून गरजला.

"राडेक, ब्रेक लावायला कधी शिकलास?" ग्राझिनाबाई हसत पुढे आल्या. तेवढ्यात झेनेककाका टोपी हातात घेऊन समोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. एक शब्दही लपवला नाही.

मामाने त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "काका, दहा वर्षं तुमच्या पाण्यावर जिंकलो. आज भुशावर जिंकलो. हिशेब फिटला."

"मी तुला बघ म्हटलं, पण स्वतःच नीट पाहिलं नाही," ग्राझिनाबाई म्हणाल्या. "गाडी तुझीच राहील. आणि पोरांनो, आमच्यापेक्षा तुमचे डोळे उघडे निघाले! पुढच्या शर्यतीआधी सगळी वळणं तुम्ही तिघांनी तपासायची."

"सॉसेज मिळणार असेल तर," टिमेक म्हणाला.

मेकॅनिक मामाला उचलायला धावले. स्पीडवेत जिंकणाऱ्याला हवेत उडवायची रीतच होती.

"माझी मांडी नको मोडायला पुन्हा," मामा मागे सरकला. "आज हिला उडवा!"

यागोदा किंचाळत वर गेली. वरून तिला ते वळण दिसलं, कोरडं आणि कडेला भुशाने पिवळं झालेलं. खाली तिला झेलायला झेनेककाका सगळ्यांच्या पुढे हात पसरून उभे होते.